लालीबाई राठोड, वय अंदाजे साठ

२० नोव्हेंबर २०२४
तांडा, ता. झरी जामणी

जयाबाई,

तुही माय, आपली याडी, जिती आहे. हे आधी लिहून टाकते, कारण सात वर्षानं माहेरचा कागद आला का माणूस पहिलं वाईटच समजते. तू तं लहानपणापासून भित्री. मी लग्न होऊन या घरात आली तवा तू नऊ वर्षाची होती, अन् पहिल्या दिवशी माह्या पायातल्या वाळ्याचा आवाज ऐकून मक्याच्या कोठीमागं लपलती.

पत्ता राखीच्या पाकिटावरून घेतला. दर वर्षी तुही राखी येते, तुहा भाऊ बांधून घेते, तुहे बाप, माहे मामाजी, त्या दिवशी शेतातच जेवतात. पाकीट याडी जपून ठेवते. गेल्या राखीसंगं तू चिठ्ठी पाठवलती, का तू पुण्याच्या लॅबमधी गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरवर काम करते, तो ज्या विषाणूनं होते त्याच्यावर. ती चिठ्ठी मीच वाचून दाखवली होती याडीले. म्हणून आता तुलेच विचारून राह्यली.

मी आशाताई झाली, हे तुले माहीत नसन. चार वर्षं झाले. जूनमधी आपल्या तांड्यावर तपासणीचं शिबिर घेतलं. शाळेच्या वऱ्हांड्यात टेबल, त्याच्यावर लहान लहान ब्रश अन् बाटल्या. बाईनं आडोशाले जाऊन आपलं आपणच ब्रशनं घ्यायचं अन् बाटलीत टाकायचं. डॉक्टर नाही, पाहणारं कोणी नाही, म्हणून अडतीस बाया आल्या. मी प्रत्येकीच्या घरी तीनतीनदा गेलती. याडी सगळ्यात आधी आली, तांड्याच्या नायकाची बायको मागं कशी राहीन.

जुलैत रिपोर्ट आले. अडतिसातून एकीलेच खराब विषाणू निघाला, वरच्या घरच्या काकीले. आपली मोठी काकी, मामाजींच्या मोठ्या भावाची. तिनं हाय खाल्ली. यवतमाळले तपासाले जायलाच तयार होईना. चांदीचे दागिने नातींना वाटून टाकले, लुगड्याची घडी करून पेटीत ठेवली, म्हणे हे मेल्यावर नेसवा. शेवटी मीच या महिन्याच्या सुरवातीले बसमधी बसवून नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईनं दुर्बीण लावून पाह्यलं अन् म्हणाल्या, इथं तं काहीच नाही. दुसऱ्यांदा नमुना घेतला. तो बी चांगला.

मंग बाटल्यांचे नंबर मागवले. शिबिरवाल्यायनं घोळ केलता. ती बाटली काकीची नव्हती, याडीची होती.

याडीले नेलं. आतमधी पांढरा डाग दिसला, तुकडा काढला. त्याच्यात बदल निघाले, मोठे. डॉक्टरीणबाई म्हणतात, कातडीखाली एक पातळ पडदा असते, हे अजून पडद्याच्या वर आहे का खाली उतरलं, ते ऑपरेशन करून मोठा तुकडा काढल्याबिगर सांगता येत नाही. वर असन तं तेवढ्यानं सुटली. खाली गेलं असन तं नागपूर, किरणांचे शेक, सगळंच.

मले एकच सांग. जून ते नोव्हेंबर पाच महिने गेले. पाच महिन्यात ते पडदा ओलांडते काय?

तुही भोजाई,
शीला

फोन नंबर देत नाही. इथं रेंज पाण्याच्या टाकीवरच लागते, अन् टाकीवर उभं राहून बोललं का अख्खा तांडा ऐकते.


८ डिसेंबर २०२४

जयाबाई,

तुही पाच पानं पोचली. पोस्टमन म्हणे एवढं जड काय आहे, मी म्हटलं सरकारी.

दुपारी अंगणात याडी तुरीच्या शेंगा सोलत होती, तिच्यापाशी बसून वाचलं. मराठीतलं आपल्या गोरबोलीत करून सांगतलं. मामाजी ताटीच्या तिकडं बाजेवर पडले होते, रेडिओ चालू. तुह्यं नाव मी घेतलं नाही. म्हटलं, पुण्याचे डॉक्टर लिहितात.

मले समजलं तसं सांगते, चुकलं असन तं सुधार. विषाणूच्या अंगात दोन प्रथिनं आहेत, ई-सहा अन् ई-सात. ते पेशीत शिरले का तिथल्या राखणदाराले बाद करतात, मंग ती पेशी वाढतच सुटते. पन नुसती वाढून ती जागची हलत नाही, कारण खाली पडदा. तो पडदा कापायचं काम एंझाइमचं. अन् ते एंझाइम विषाणूचे नाहीत, आपलेच आहेत. जखम भरतांना जुनं काढून साफ करायले शरीरानंच ठेवले. त्यायले हद्दीत ठेवणारी दुसरी प्रथिनं बी आपलीच. विषाणूचे ते दोघं कापणारे वाढवतात अन् आवरणारे कमी करतात. हेच तू रोज काचेच्या ताटलीत पाहत असते.

याडी शेंगा सोलता सोलता म्हणे, "म्हंजे मजूर आपलेच, मुकादम तेवढा त्याचा."

तुले हे आवडन म्हणून लिहिलं. तिनं शाळा पाह्यली नाही, पन पोट्टी तिच्यावरच गेली.

तिथून पुढं मी थांबली, कारण रेडिओ बंद झालता. खोकला आला तिकडून. मंग मामाजी म्हणाले, "काहून थांबली? कापणाऱ्याचं वाच पुढं."

वाचलं मी. सगळे पाचही पानं. संध्याकाळी बैलायले पाणी पाजतांना मले विचारलं, "त्या डॉक्टरनं महिन्याचं काय लिहिलं?" तू लिहिलतं, बहुतेकींच्यात पडदा ओलांडायले वर्षं लागतात, महिने नाही, पन याडीच्यात हे कधी सुरू झालं ते कोणालेच माहीत नाही, म्हणून थांबू नका. मी तसंच सांगतलं. ते म्हणाले, "मंग थांबायचं नाही." दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही यवतमाळले जाऊन तारीख घेतली, ९ जानेवारी.

आता तू विचारलं, दोन बायांच्या बाटल्या बदलल्याच कशा. तुले खोटं सांगून जमत नाही, तू नंबरच विचारते.

शिबिरवाल्यायनं घोळ केला नाही. टेबलावर नाव लिहिणारा पोरगा नागपूरचा होता. प्रत्येकीचं नाव, नवऱ्याचं नाव, वय. बाईनं आपल्या नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ते तं तुले माहीतच आहे. म्हणून बायायच्या नवऱ्यांची नावं मी सांगत होती. याडीची पाळी आली. तो म्हणे पतीचं नाव? मामाजींचं नाव मी कशी घेऊ, अन् ते बी याडीसमोर, तांड्याच्या बाया रांगेत उभ्या असतांना. रजिस्टरात लिहिते मी, लिहायले काही वाटत नाही. तोंडानं आजवर नाही काढलं. म्हटलं, लालीबाई राठोड लिहा, पुढं चला. तिच्या मागं काकी. ती बी लालीबाई. तिच्या नवऱ्याचं नाव बी मी घेऊ शकत नाही, ते बी माहे सासरेच. वय दोघींनाही माहीत नाही. त्यानं दोघींसाठी साठ लिहिलं. मोबाइल नंबर सगळ्यांसाठी माहा.

तं अशा दोन लालीबाई राठोड, वय साठ, एका फोनवर आल्या. एक खराब, एक चांगली.

आता तू हसशील का रडशील मले माहीत नाही. तुह्या सासरी सासऱ्यायले नावानं हाक मारत नसन कोणी, पन नाव तं घेतात ना तोंडानं.

शीला


२९ डिसेंबर २०२४

जयाबाई,

तुह्यं पत्र वाचून दोन दिवस पिठाच्या डब्यात ठेवलं, आज लिहाले बसली. तू लिहिलं, "भोजाई, नाव राहून गेलं यात तुझा काय दोष, तुझ्यामुळे शिबिर झालं, तुझ्यामुळे याडीचं लवकर कळलं, मी तुझे उपकार कसे फेडू."

उपकार फेडू नको. राह्यलेलं वाच.

जुलैत सकाळी टाकीवर माह्या फोनवर रिपोर्ट उतरले, ते मी कापसाच्या शेतात निंदतांना उघडून पाह्यले. दोन नावं पाह्यली. कोणती कोणाची ते त्याच्यावर लिहिलं नव्हतं, पन बाटलीचा नंबर होता. शिबिरवाल्यायले एक फोन केला असता तं दोन मिनिटात समजलं असतं. टाकी समोर दिसत होती.

मी नाही केला फोन. माह्या मनानं तिथल्या तिथं वाटणी केली. चांगला आपल्या घरी, खराब वरच्या घरी. मी ठरवलं असं बी म्हणता येत नाही, अन् ठरवलं नाही असं बी म्हणता येत नाही. चार महिने मी मनाले समजावत राह्यली का काकीच्या कमरेत दुखते, काकी वाळली, म्हंजे तिचाच असन. अन् त्या काकीनं मरणाचं लुगडं काढून ठेवलं. अन् इकडं याडीच्या अंगात ते मुकादम हुकूम सोडत राह्यले.

याडीचं काही झालं तं त्या पाचातले चार महिने माहे आहेत. हे तुले माहीत पाहिजे. तू जातीबाहेर लगीन केलं म्हणून तुले घरातून काढलं तवा मी मामाजींच्या मागं उभी राहून गप होती, तवाचं वेगळं, तवा मी घाबरली होती. या टायमाले मले कोणाचंच भेव नव्हतं. आपल्या घरी नको, एवढंच होतं.

आज सकाळी याडीले बी सांगून टाकलं. ती चुलीपाशी भाकर थापत होती. ऐकून तिनं भाकर उलटली, शेकली, टोपल्यात टाकली. मंग म्हणे, "मी बी हेच केलं असतं. पन कोणाले सांगतलं नसतं." अन् मले जेवाले वाढलं.

काकीले सांगाले गेली तं तिनं दार लावून घेतलं. ते बरोबरच आहे तिचं. पन तुले एक सांगते, तिचा नमुना चांगला निघाला त्या दिवसापासून ती नातींकडं दागिने परत मागून राह्यली. म्हणे मी मरत नाही आता, आणा इकडं. थोरलीनं कानातले घालून फोटो काढले, ती काही देत नाही. रोज संध्याकाळी वरच्या घरातून भांडण ऐकू येते, अन् मले खरंच ते ऐकून बरं वाटते.

ऑपरेशन ९ तारखेले. तुले राग आला तं आलेला लिही. गप नको राहू.

शीला


११ जानेवारी २०२५
यवतमाळ

जयाबाई,

हे दवाखान्याच्या बाकड्यावर बसून लिहून राह्यली. याडी झोपली आहे. झालं सगळं बरोबर. पाऊण तास लागला. शंकूसारखा तुकडा काढून तपासाले पाठवला, दोन आठवड्यात समजन का पडद्याच्या वर का खाली. आता त्याच्याच वाटेवर डोळे.

तुह्यं पत्र निघायच्या आदल्या दिवशी भेटलं. "मी असते तर विचारलं असतं." एवढी एकच ओळ माह्यासाठी होती, ती मी चार वेळा वाचली. खरं आहे. तू विचारलंच असतं. खाली तू डॉक्टरीणबाईले विचारायचे चार प्रश्न लिहून देले, त्याची मी घडी करून कमरेले खोसली. कडा साफ आल्या काय, पडद्याखाली किती खोल पाह्यलं, असे. डॉक्टरीणबाईनं माह्याकडं पाहून विचारलं, "हे कोणी लिहून दिलं?" मी म्हटलं, माही नणंद. मामाजी मागंच उभे होते. खिडकीतून बाहेर पाहत राह्यले.

९ तारखेले सकाळी भरती करायच्या खिडकीवर काय झालं ते ऐक. मोठी रांग. याडी बाकड्यावर, मी खिडकीपाशी, मामाजी माह्या खांद्यामागं. आतल्यानं विचारलं, पेशंटचं नाव. लालीबाई. पतीचं नाव.

मी मागं वळून पाह्यलं नाही. पाह्यलं असतं तं जमलंच नसतं. डोळे मिटले अन् म्हटलं, धरमसिंग.

अठरा वर्षं झाले लग्नाले, पहिल्यांदा तोंडातून निघालं. माह्या कानाच्या पाळ्या तापल्या. आतला म्हणे, "काय?" अन् मागून मामाजी म्हणाले, "जोरात सांग बेटा. त्याले ऐकू नाही आलं."

मंग मी जोरात सांगतलं. आख्ख्या रांगेनं ऐकलं. लालीबाई धरमसिंग राठोड, वय अंदाजे साठ, तांडा, तालुका झरी जामणी. याडी बाकड्यावर पदरात तोंड घालून हसत होती, ऑपरेशनले आलेली बाई.

आता दुसरं. तू सांगतलं म्हणून काल तुह्या यवतमाळच्या सासूबाई आल्या. सुमेधाताई. मोपेडवर, हेल्मेट घालून, दोन्ही हातात डबे. मी त्यायले खाली गेटवरच गाठलं अन् म्हटलं, वर मामाजी आहेत, तुम्ही कोण ते आज नका सांगू, आज याडीचा दिवस आहे. त्या बाई शहाण्या. म्हणाल्या, डबा पोचला म्हणजे झालं, मी उद्या परत येते. याडीले मी हळूच सांगतलं कोण येऊन गेलं ते. तिनं त्या डब्यातला वरणभात सगळा खाल्ला.

मामाजींले म्हटलं, इथं दवाखान्याबाहेर एक बाई डबे देते. ते जेवले. हात धुतला. मिशी पुसली. मंग मले म्हणतात, "वरणात गूळ होता."

मी झाकण पालथं केलं.

"खानावळवाली बाई वरणात गूळ नाही टाकत," ते म्हणाले. "अन् डब्याच्या झाकणावर नाव कोरलं आहे. मले वाचता येते."

झाकणावर तुह्या सासरचं आडनाव होतं, मले वाटलं आता डबा भिरकावतात. पन त्यायनं झाकण लावलं, दोन्ही डबे स्वतः नळावर नेऊन घासले, अन् पिशवीत भरून म्हणाले, "लोकाचं भांडं खरकटं परत द्यायचं नाही." मी मनात म्हटलं, उद्या त्या बाई येतीन तवा हे कुठं जातात ते पाहू.

आज सकाळी त्या आल्या. मामाजी कुठंच गेले नाहीत. उभे राहून रामराम केला अन् डबे हातात देले. दोघंही अर्धा तास कापसाच्या भावाबद्दल बोलले, ज्याच्यातलं त्या बाईले काहीच कळत नव्हतं. मी तुले एवढंच सांगते. याच्यावरून काही आशा धरू नको, पन मी धरली आहे.

शीला


२७ जानेवारी २०२५
तांडा

जया,

वरच आहे.

रिपोर्ट आला. पडद्याखाली गेलेलं कुठंच दिसत नाही, कडा चारही बाजूनं साफ. डॉक्टरीणबाईनं तुह्या चारही प्रश्नांची उत्तरं त्याच कागदावर लिहून देली, म्हणाल्या नणंदेले पाठवा. संगं जोडले आहेत. सहा महिन्यानं पुन्हा तपासायचं, अन् मंग दर वर्षी. सध्या काही औषध नाही, शेक नाही, नागपूर नाही.

मले तिथंच रडू फुटलं. याडी मले धरून बाहेर घेऊन आली, जशी काही मीच पेशंट. परत येतांना एसटीत ती तोंड उघडं टाकून झोपली, मी पांढरकवड्यापर्यंत तिच्याकडं पाहतच होती. ते चार महिने मले माफ झाले असं मी समजत नाही. पन याडी आहे. आज सकाळी तिनं माह्या भाकरीले नाव ठेवलं, कडा कच्च्या म्हणे.

काकी काल आली. दार उघडून सरळ चुलीपाशी येऊन बसली, मी सोडून सगळ्यांशी बोलली. जातांना मले म्हणे, "पुढच्या शिबिरात माह्या नवऱ्याचं नाव मीच सांगन. तुह्यावर भरोसा नाही." मी म्हटलं, सांग वो काकी, जोरात सांग. पुढचं शिबिर मार्चमधी आहे. आता यादी मी करून राह्यली, एका नावाच्या बायायले मी वेगवेगळ्या दिवशी बोलावणार आहे. अन् नववीतल्या पोरींच्या लसीबद्दल तू लिहिलं ते मी शाळेच्या बाईले दाखवलं.

आता ऐक. रिपोर्ट घेऊन आम्ही घरी आलो तवा मामाजींनी तुही ती पाच पानं मागितली. म्हटलं कायले? म्हणे वाचायची राह्यली. चष्मा लावून तीन दिवस वाचत होते, पेन्सिलनं खुणा करत. रात्री जेवतांना याडीले समजावून सांगत होते, अन् ती त्यायच्या चुका काढत होती, कारण तिनं आधी ऐकलं होतं. ई-सहा काय करते अन् ई-सात काय, याच्यावरून दोघांचं वाजलं. याडी बरोबर होती.

आज मी तुले लिहायले बसली तं ते येऊन उभे राह्यले अन् म्हणाले, "खाली जागा सोड." मी कोणाले लिहून राह्यली हे त्यायनं विचारलं नाही. हा कागद मी त्यायच्या हातात देते. ते काय लिहितात ते मी वाचणार नाही, तसाच पाकिटात टाकीन.

तुही भोजाई,
शीला


चि. जया हिस अनेक आशीर्वाद.

तुझ्या याडीची तब्येत उत्तम आहे. काळजी नसावी.

तुझे लिखाण तीन वेळा वाचले. विषाणूचे समजले. कापणाऱ्या एंझाइमांचे समजले. एक गोष्ट समजली नाही. त्यांना आवरून धरणारी जी प्रथिने कमी होतात, ती विषाणू गेल्यावर पुन्हा पहिल्यासारखी भरून येतात काय, की एकदा गेली ती गेलीच? शीलाला विचारले, तिला येत नाही. तुझ्या याडीला विचारले, ती म्हणते जिने लिहिले तिलाच विचारा.

हे पत्रात लिहू नये. मला कानाने ऐकल्याशिवाय उमजत नाही. होळीला सुट्टी असेल तर ये. जावयांनाही घेऊन ये.

तुझा बाप,
धरमसिंग